माझं ‘बहुधा’ कुणी खोडलं?

थांबा, मी चिठ्ठी बोलतेय. प्रेमाची नव्हे, औषधाची नव्हे, आणि ‘उद्या दूध नको’ म्हणून दारात अडकवलेलीही नव्हे. मी इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कार्यालयातली चिठ्ठी आहे. पाच इंच लांब, तीन इंच रुंद, खालच्या बाजूला मधोमध एक भोक. त्या भोकातून लोखंडी सळई जाते, म्हणजे लाकडी खण कुणाच्या हातून उपडा झाला तरी आम्ही विखरत नाही. अशा एकोणचाळीस हजार बहिणींमध्ये मी एकतीस वर्षं गप्प उभी होते. अजूनही राहिले असते. पण माझ्यावर अन्याय झालाय, आणि तो करणारी सगळी माणसं सज्जन आहेत. दुष्टांनी केला असता तर एव्हाना कुणीतरी आरडाओरडा केला असता. सज्जनांनी केलेल्या अन्यायाचा आवाजच होत नाही.

माझ्यावर लिहिलेला शब्द आहे ‘व्हर्ज’. इंग्रजी शब्द. अर्थ, रस्त्याची कड. डांबर संपतं आणि कुंपण किंवा नाली सुरू होते, त्यांच्यामधली गवताची पट्टी. तुम्ही तिच्यावर रोज पाय ठेवता, गाडी चुकवायला तिच्यावर उतरता, तिच्यावर उभं राहून बसची वाट बघता. तिला नाव आहे हे मात्र तुमच्या गावीही नसतं. असो, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझा जन्म काटकसरीतून झाला. कार्यालयात कोरा कागद वापरायची पद्धत नव्हती. जुन्या परिपत्रकांच्या कोऱ्या बाजू कापून आम्हाला केलं. माझ्या पाठीवर अजून अर्धं वाक्य आहे, ‘सर्व कर्मचाऱ्यांनी जाताना पंखे व’. पुढे काय करायचं ते दुसऱ्या कुठल्या तरी चिठ्ठीच्या पाठीवर गेलं. पोटावर आधी काळ्या शाईत अर्थ आला, मग निळ्या शाईत उदाहरण. शेवटी हिरव्या शाईसाठी मला खिडकीजवळच्या टेबलावर नेऊन ठेवलं. हिरवी शाई म्हणजे शब्दाचं मूळ. तो शब्द कुठून आला, आधी काय होता, वाटेत त्याचं काय काय झालं.

त्या टेबलावर बसायचे मूळकाका. हे अर्थात कार्यालयानं ठेवलेलं नाव. शिपाई मंडळी त्यांच्या माघारी ‘मूळव्याध’ म्हणत, आणि एकदा ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, “व्युत्पत्ती बरोबर आहे.” पाच भाषा शिकलेला माणूस, पण स्वतःच्या घराचा पत्ता सांगतानाही ‘चुकत नसेन तर’ असं म्हणणारा. पेनाचं टोपण चावत ते तासतासभर एका चिठ्ठीकडे बघत बसायचे. इतरांच्या दिवसाला चाळीस चिठ्ठ्या व्हायच्या, त्यांच्या नऊ.

माझी पाळी आली तेव्हा एक अडचण होती. इंग्रजीचा मोठा कोश कार्यालयात अनेक खंडांत होता, पण त्यातला ‘व्ही’ अक्षराचा खंड बांधणीला गेला होता. बाइंडरनं तीन वायदे केले आणि चौथ्या वेळी दुकानालाच कुलूप. म्हणजे माझ्या शब्दाचं मूळ जिथे शांतपणे छापलेलं होतं, ते पान कुणाच्या तरी बंद दुकानात, डिंकाच्या डब्याशेजारी पडून होतं.

मग मूळकाकांनी त्यांच्या स्वभावाप्रमाणे केलं. उठले, चपला घातल्या, मला खिशात टाकलं आणि रस्त्याची कड बघायला बाहेर पडले. नुकतंच कुणीतरी टाकी धुतली होती. रस्त्यावरचं पाणी मधल्या उंचवट्यावरून दोन्ही बाजूंना ओघळत गवतात जात होतं. काका वाकले, एक डोळा मिटून डांबराच्या पातळीत बघितलं. एका सायकलवाल्यानं विचारलं, “आजोबा, काही पडलं का?” त्या वेळी ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. “पडलं नाही, कललंय,” ते म्हणाले, आणि परत आले.

टेबलावर येऊन त्यांनी माझ्यावर हिरव्या शाईत लिहिलं: ‘बहुधा कलणे ह्या अर्थाच्या लॅटिन “वेर्गेरे”पासून. रस्ता जिथे खांदा पाडतो ती जागा.’

वाक्य सुंदर होतं, नाही म्हणत नाही. पण मला सगळ्यात आवडला तो पहिला शब्द. ‘बहुधा’. बाकीच्या ओळीत त्यांचा अंदाज होता. त्या एका शब्दात त्यांचा प्रामाणिकपणा होता. खंड आला की बघू, तोवर हे इतकंच खरं मानावं, असं तो शब्द वाचकाला सांगत होता. मी त्या शब्दावर टेकून उभी होते.

आता ते कसं गेलं ते ऐका.

पहिली आवृत्ती छापायला गेली. माझी नोंद पानाच्या अगदी तळाशी आली आणि एक शब्द खालच्या ओळीवर सांडला. एका शब्दासाठी आख्खी ओळ, ओळीसाठी पुढची पानं हलणार. छापखान्याच्या फोरमननं मुद्रितावर, म्हणजे प्रूफवर, लिहून पाठवलं, ‘एक शब्द काढा, नाहीतर पुढची सोळा पानं परत जुळवावी लागतील.’ मूळकाका त्या आठवड्यात रजेवर होते, काकूंचं ऑपरेशन होतं. टेबलावर एक सत्तावीस वर्षांचा तडफदार उपसंपादक होता. त्यानं माझ्या नोंदीवरून नजर फिरवली. ‘लॅटिन’ काढता येत नाही. ‘रस्ता’ काढता येत नाही. ‘बहुधा’वर त्यानं मुद्रितात आणि माझ्या पोटावरही एकेक आडवी रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘अर्थाला बाधा नाही.’

अर्थाला बाधा नाही! मी विचारते, साक्षीदार कोर्टात म्हणाला ‘बहुधा ह्यानंच चोरी केली’, आणि लिहून घेणाऱ्यानं कागद वाचवायला पहिला शब्द गाळला, तर कुणाच्या अर्थाला बाधा येते? पण तो पोरगा वाईट नव्हता. त्यानं सोळा पानं वाचवली. फोरमननं त्याला दुवा दिला.

मूळकाका परत आले, छापील कोश उघडला, आणि पेनाचं टोपण दातांतच राहिलं. त्यांना कळलं. मी खणातून बघत होते, त्यांना नक्की कळलं. शुद्धिपत्र निघणार होतं, त्यात बारा चुकांची जागा होती आणि बारा आधीच भरल्या होत्या. ते उपसंपादकाच्या टेबलापर्यंत गेले, उभे राहिले, आणि म्हणाले, “पंखा जरा कमी करता का?” पंखा कमी झाला. ते परत आले.

माझा पहिला राग इथे आहे, आणि तो त्यांच्यावर आहे. एका शब्दासाठी काय भांडायचं, असं त्यांना वाटलं. दुसऱ्याच्या शब्दासाठी ते तीन तीन दिवस भांडले असते. स्वतःच्या शंकेची बाजू घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांना स्वतःच्या शंकेचीच शंका आली. शिकलेल्या माणसांचं हे असं असतं. ती इतकी नम्र होतात की त्यांच्या नम्रतेची किंमत दुसऱ्यालाच मोजावी लागते.

पुढे एक लाल कोश निघाला. एका खाजगी प्रकाशनाचा, जाडजूड, लाल पुठ्ठ्याचा, घरोघरी गेलेला. त्यातही मी होते. ‘लॅटिन “वेर्गेरे” ह्यापासून. रस्ता जिथे खांदा पाडतो ती जागा. हे मूळ निर्विवाद आहे.’ माझं ‘बहुधा’ गेलंच होतं, त्याच्या जागी आता ‘निर्विवाद’ येऊन बसलं होतं. त्या लाल कोशातून मी शाळेच्या गाइडात गेले, प्रश्नमंजूषेत गेले. एका मुलीला मी बक्षीस म्हणून कंपासपेटी मिळवून दिली. खोटं बोलून.

मूळकाका निवृत्त झाले. तो तडफदार उपसंपादक चढत चढत मुख्य संपादक झाला. आणि एकतीस वर्षांनी कोशाची नवी आवृत्ती निघायची ठरली, दोन भागांत. पहिला भाग अर्थांचा. दुसरा भाग फक्त मुळांचा, ‘मूळखंड’, आणि त्याच्या मुखपृष्ठावर एकच नाव, मूळकाकांचं. त्यांचं आयुष्यातलं पहिलं आणि, वय बघता, शेवटचं पुस्तक. काकूंनी ही बातमी कळली त्याच दिवशी बैठकीच्या खोलीतला एक फळीचा कप्पा रिकामा करून पुसून ठेवला.

नव्या आवृत्तीसाठी संपादकांनी नियम केला की प्रत्येक मुळाला बाहेरचा आधार हवा. नियम चांगला. पण आधार शोधायला ते बसले ते स्वतःच्या खुर्चीतच, आणि उजव्या हाताशी काय होतं? लाल कोश. त्यांनी मला सळईतून काढलं, लाल कोश उघडला, ताडून पाहिलं, मूळ जुळलं, खांदा पाडणारा रस्ताही जुळला, आणि माझ्या कोपऱ्यात लाल शाईत लिहिलं: ‘आधार: लाल कोश, पृष्ठ ९१२. निश्चित.’

जुळणार नाही तर काय होणार! तो आधार म्हणजे मीच होते हो! माझीच नक्कल मला साक्षीदार म्हणून आणून उभी केली आणि म्हणाले, बघा, दोघींचं एकमत आहे. मला ओरडता आलं असतं तर खिडकीची काच फुटली असती.

ह्या घोळात एक व्यक्ती शहाणी निघाली. कार्यालयात सहायक म्हणून एक ताई होत्या, चाळिशीच्या, कानामागे कायम पेन्सिल खोचलेली. त्यांच्यावर शेवटच्या मुद्रितावर मूळकाकांची सही आणायचं काम होतं. काकांची नजर अधू, म्हणून ते वाचूनही दाखवायचं होतं; ताडून पाहायला अडलेल्या चारदोन चिठ्ठ्याही त्यांनी पिशवीत घेतल्या. त्यांत मी होते. लाल कोशातला मजकूर वाचताना ताईंना काहीतरी टोचलं होतं.

काकांच्या घरी जेवणाच्या टेबलावर मुद्रितांचा गठ्ठा पसरला. काकू चहा घेऊन आल्या.

“वाच गं बाई त्यांना लवकर लवकर,” काकू म्हणाल्या. “आयुष्यभर शब्दांची मुळं उकरली ह्यांनी. कुंडीतलं एक झाड मात्र जगवलं नाही.”

“अगं, ते झाड तूच—” काका म्हणाले.

“मी पाणी घातलं. तुम्ही त्याला लॅटिन नाव सांगितलंत. त्यानं जीव सोडला.”

ताई हसल्या आणि मग मला पुढे ठेवलं. “काका, एक विचारू? लाल कोशात ‘रस्ता जिथे खांदा पाडतो’ असं आहे. हे वाक्य तुमचंच ना? असं दुसरं कुणी लिहिणार नाही.”

चहावर साय आली.

“माझंच,” ते म्हणाले.

“म्हणजे त्यांनी आपलं उचललं. आणि आपण त्यांचा आधार घेतला.”

“तसं दिसतंय. चुकत नसेन तर.”

“पण मूळ तरी बरोबर आहे ना?”

आणि तेव्हा मूळकाकांनी टेबलाच्या खणातून एक वही काढली. चार वर्षांपूर्वीची. निवृत्तीनंतर एका मोठ्या वाचनालयात त्यांना तो ‘व्ही’चा खंड अखेर भेटला होता, आणि जोडीला एक जुना कायद्याचा इतिहास. त्यांनी सगळं उतरवून घेतलं होतं, पृष्ठ क्रमांकांसह. माझा शब्द कलण्यातून आलेलाच नाही. कलणं ह्या अर्थाचं इंग्रजी क्रियापद वेगळं, ते खरंच ‘वेर्गेरे’पासून आलंय. दिसायला आम्ही सारखे, म्हणून फसायला होतं. माझं मूळ लॅटिन ‘विर्गा’. म्हणजे काठी, छडी. जुन्या काळी इंग्लंडात राजाच्या दरबाराचा कारभारी अधिकाराची खूण म्हणून हातात छडी धरायचा. राजाचा मुक्काम असेल तिथपासून बारा मैलांपर्यंत त्या कारभाऱ्याचा हुकूम चाले, आणि त्या टापूला लोक ‘छडीच्या आत’ म्हणत. छडीवरून टापू, टापूवरून टापूची हद्द, हद्दीवरून कोणतीही कड, आणि शेवटी रस्त्याच्या कडेचं गवत.

बघा, काय माझा जन्म! मी उताराची लेक नाहीच, अधिकाराच्या काठीची लेक आहे. जिथे साहेबाची छडी संपते ती जागा म्हणजे मी. आणि हे चार वर्षं एका वहीत, वीजबिलांखाली पडून होतं!

“काका, मग कळवलं का नाही?” ताईंचा आवाज चढला.

“वाटलं, मीच चुकीचं वाचलं असेल. चष्म्याचा नंबर बदलला होता तेव्हा. आणि मग… पुस्तक निघायचं ठरलं.”

“आता सांगितलंत तर संपादक मूळखंड थांबवतील,” ताई हळू बोलल्या. “नुसती ही एक चिठ्ठी नाही. सहाशे चौदा चिठ्ठ्यांना त्यांनी लाल कोशाचाच आधार लावलाय. सगळ्या परत तपासाव्या लागतील. दोन वर्षं, तीन वर्षं.”

काकूंनी रिकाम्या कप्प्याकडे बघितलं. “एक शब्द चुकला म्हणून? बाकीचं पुस्तक खरं आहे ना?”

“आहे,” काका म्हणाले. “बहुधा.”

काकू हसल्या नाहीत. “तुम्ही एकोणऐंशीचे आहात,” त्या म्हणाल्या. “तीन वर्षं म्हणजे काय ते मी सांगायला हवं का?”

काकांनी पेन घेतलं. मी त्यांच्यासमोर उताणी पडले होते, पोटावर चुकीचं मूळ, कोपऱ्यात ‘निश्चित’. त्यांनी माझ्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं, कप्प्याकडे बघितलं. आणि मुद्रिताच्या तळाशी सही केली.

मी इतकी चिडले होते की त्यानंतर ताईंनी मला पिशवीत टाकलं, काकूंनी ‘सावकाश जा’ म्हटलं, दार लागलं, ह्यातलं मला धड काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच की ताई बसथांब्यावर, गवतात उभ्या होत्या, आणि मागून चपलांचा फटक फटक आवाज येत होता.

मूळकाका. घरातल्या लेंग्यावर, एका पायात त्यांची चप्पल, दुसऱ्यात काकूंची. धापा टाकत होते. बस आली. दार उघडलं.

“चढताय का?” कंडक्टर म्हणाला.

“थांबा,” काका ताईंना म्हणाले. “सही द्या परत.”

“ओ आजोबा, बस तुमच्यासाठी थांबणार नाही.”

“जाऊ दे तिला,” ताई कंडक्टरला म्हणाल्या, आणि बस गेली.

काकांनी मुद्रित घेतलं, गुडघ्यावर ठेवून सहीवर रेघ मारली, आणि बाजूला लिहिलं, ‘चूक आहे. माझी.’ ताईंनी त्यांचा दंड धरला होता, कारण पाऊल मागे गेलं असतं तर ते नालीत गेले असते. मग दोघं जण तिथेच उभी राहिली. दुसरी बस येऊन गेली, तरी ताई चढल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते कार्यालयात आले. संपादकांचं वय आता अठ्ठावन्न, निवृत्तीला काही महिने, आणि जायच्या आत दोन्ही भाग हातात हवेत ही त्यांची साधी, माणसासारखी इच्छा. त्यांनी काकांना खुर्ची दिली, पंखा न सांगता कमी केला.

“काका, सगळं ऐकलं मी ताईंकडून. पण जरा व्यवहारानं बघा. लोकांना ठाम उत्तर लागतं. कोशात बघून माणूस ‘बहुधा’ घेऊन घरी गेला तर परत येईल का?”

“खोटं घेऊन गेला तर परत येण्याची गरजच वाटणार नाही त्याला,” काका म्हणाले. “हेच वाईट आहे.”

“कोण तपासणार आहे हो? रस्त्याच्या कडेचं मूळ!”

“तुम्हीच म्हणालात, बाहेरचा आधार हवा.”

“आहे की आधार.”

“तो मी आहे.” काकांचा आवाज चढलेला होता. एकतीस वर्षांत मी तो चढलेला ऐकला नव्हता. “लाल कोश म्हणजे मी. सहाशे चौदा ठिकाणी तुम्ही मलाच विचारलंत की मी बरोबर आहे का. मी कधी स्वतःला हो म्हटलंय? आणि ह्या चिठ्ठीवर मी ‘बहुधा’ लिहिलं होतं. ते तुम्ही खोडलंत.”

संपादकांनी मला उचलून डोळ्यांजवळ धरलं. त्यांना ती सोळा पानं आठवत नव्हती. आठवत असती तर मला थोडं बरं वाटलं असतं. ज्यानं आपलं आयुष्य बदललं त्याला ते आठवूही नये, ह्याच्याइतकी अपमानाची गोष्ट दुसरी नाही.

“मी खोडलं?”

“तुम्ही. आणि मी गप्प बसलो. म्हणजे दोघांनी.”

“मग मूळखंड थांबेल,” संपादक म्हणाले. “मी असेपर्यंत तरी निघणार नाही. नंतरचं मला विचारू नका. तुम्हाला चालेल?”

काकांनी पेनाचं टोपण तोंडात घातलं, काढलं. “चालणार नाही,” ते म्हणाले. “पण थांबवा.”

अर्थांचा भाग निघाला. मूळखंड थांबला. आता रोज सकाळी दहा वाजता मूळकाका कार्यालयात येतात, बिनपगारी, खिडकीजवळच्या त्याच टेबलावर. ताई चिठ्ठी वाचतात, काका ‘हे कुठून?’ विचारतात, आणि खरा आधार सापडेपर्यंत ती चिठ्ठी खणात परत जात नाही. ते ‘एफ’ अक्षरापर्यंत आले आहेत. नऊ चिठ्ठ्यांचा दिवस आता एका चिठ्ठीवर आलाय. हिशेब मीही करू शकते, आणि मला तो करायचा नाही.

मी खणात नाही. माझं मूळ काकांनी परत लिहिलं, हिरव्या शाईत, छडी, टापू, हद्द, कड, आणि खाली दोन पुस्तकांची पृष्ठं. मग ताईंना विचारून मला खिशात घातलं. कारण माझी चिठ्ठी सुधारली म्हणून मी सुधारले नाही. लाल कोशाच्या हजारो प्रतींत मी अजून खोटं बोलतेच आहे. प्रकाशनाला काकांनी तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं, ‘आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.’ नोंदीबद्दल मला कुणी काही सांगू नये.

म्हणून शनिवारी काका वाचनालयांत जातात. बरोबर काकू असतात. त्या दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच पेन्सिलीला टोक केलं. काका लाल कोश उघडतात, पृष्ठ नऊशे बारा, मला शेजारी ठेवतात आणि समासात बारीक अक्षरांत दोन ओळी लिहितात. काकू मासिक उघडं धरून पहारा करतात.

“आली ती,” काकू कुजबुजतात. “लपवा.”

एकदा लपवता आलं नाही. ग्रंथपाल बाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

“आजोबा, काय चाललंय?”

“दुरुस्ती.”

“पुस्तकावर पेन्सिल? शाळेतली पोरं पण असं करत नाहीत हो!”

“ही चिठ्ठी बघा ना, इथे आधार दिलाय—”

“चिठ्ठ्यासुद्धा पुस्तकात ठेवायच्या नाहीत.”

“अहो बाई,” काकू उठल्या, “ह्या माणसानं त्या पुस्तकातलं निम्मं लिहिलंय. ह्याच्या प्रकाशकानं ते न विचारता घेतलं. आता दोन ओळी परत देतोय तर तुम्ही घेत नाही?”

बाईंनी खोडरबर आणलं आणि आमच्यादेखत त्या दोन्ही ओळी पुसल्या. खोडरबराचा भुसा फुंकून टाकला. त्यांचंही काही चुकलं नाही, नियम आहे. मी तर म्हणालेच आहे, सगळे सज्जन.

अकरा वाचनालयं झाली. आठ ठिकाणी ओळी अजून आहेत, असं काका म्हणतात. चुकत नसतील तर. पण त्यांचे गुडघे दुखतात, जिने उंच आहेत, आणि बाकीच्या हजारो प्रती वाचनालयांत नाहीतच. त्या तुमच्या घरांत आहेत. टीव्हीच्या खाली, टेबलाच्या हलणाऱ्या पायाजवळ, शाळा संपलेल्या मुलांच्या कपाटात. तिथे काका पोचणार नाहीत. तिथे तुम्हाला कुणी अडवणारही नाही.

तेव्हा उठा. लाल पुठ्ठ्याचा तो जाड कोश खाली काढा, धूळ झटका, नऊशे बारावं पान काढा. डाव्या रकान्यात, खालून चौथी मी आहे. तिथे ‘निर्विवाद’ लिहिलेलं दिसेल. त्याच्या शेजारी, समासात, लिहा: मूळ शब्दाचा अर्थ छडी. माझ्यावर विश्वास नसेल तर आधी मोठ्या कोशात जाऊन बघा. मला त्याचा राग येणार नाही, उलट आनंदच होईल. आणि पेन्सिल मऊ घ्या. पानं पातळ आहेत.